मिडल: चर्चमधल्या बाकांवरून लिहिलेला एका इंग्रजी खेड्याचा इतिहास

जुने_कागद

इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात, श्रूजबरी शहराच्या उत्तरेला सुमारे 12 किलोमीटरवर, मिडल नावाचे एक लहानसे गाव आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारी गावे आणि वाड्या. त्या अर्थाने मिडलच्या पॅरिशमध्ये खुद्द मिडलखेरीज मार्टन, न्यूटन, बाल्डरटन, ऑल्डरटन अशा काही वस्त्या येत. इथे ना कोणती इतिहासप्रसिद्ध लढाई झाली, ना कोणी राजा जन्मला. तरीही सतराव्या शतकातील साधी इंग्रज खेडवळ माणसे कशी राहत होती याचा शोध घेणारा अभ्यासक हमखास मिडलपाशी येऊन थांबतो आणि त्याला कारण आहे रिचर्ड गॉफ नावाचा न्यूटनचा एक शेतकरी.

गॉफचा जन्म 1635 चा आणि मृत्यू 1723 चा. तरुणपणी त्याने रॉबर्ट कॉर्बेट या जमीनदाराकडे कारकुनी केली, त्यामुळे दस्तऐवज, खंडपट्टे आणि कोर्टकज्जे यांची त्याला चांगली जाण होती. पासष्टी गाठल्यावर, 1700 ते 1702 या काळात, त्याने आपल्या पॅरिशचा इतिहास लिहून काढला. पहिला भाग त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आहे: हद्दी, वाडा, जमीनदार, पाद्री, चर्चची इमारत. खरी गंमत दुसऱ्या भागात आहे. तिथे त्याने चर्चमधील आसनांचा नकाशा काढला आणि एकेक बाक घेऊन त्यावर बसण्याचा हक्क कोणाचा, तो त्यांच्याकडे कसा आला आणि त्या घराण्याचे पुढे काय झाले हे सांगत तो पार शेवटच्या बाकापर्यंत गेला.

चर्चमध्ये कोण कुठे बसते हा त्या काळी किरकोळ मामला नव्हता. बाकाचा हक्क माणसाच्या नावावर नसून तो राहत असलेल्या घराला आणि शेताला जोडलेला असे. जमीनदार आणि मोठे शेतकरी पुढे, मध्यम शेतकरी त्यांच्यामागे आणि झोपडीवजा घरांत राहणारे मजूर मागच्या किंवा कडेच्या जागांवर, असा सगळा गाव दर रविवारी आपापल्या पायरीने मांडून बसलेला दिसे. जागेवरून भांडणे होत. ऑल्डरटनचा जॉन डाउनटन आणि मार्टनचा विल्यम फॉर्मस्टन यांच्यात एका बाकावर गुडघे टेकण्याच्या हक्कावरून झालेला तंटा गॉफने नोंदवून ठेवला आहे. असे वाद पुन्हा होऊ नयेत म्हणून हक्कांची नोंद असावी, हा या लिखाणामागचा व्यावहारिक हेतू होता.

कुलवृत्तांत वाचण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्या वाचकाला इथे एक फरक लगेच जाणवतो. कुलवृत्तांताचा धागा रक्ताचा असतो, म्हणून तो एकाच आडनावात फिरतो आणि बहुधा कर्तबगार पुरुषांपाशीच रेंगाळतो. गॉफचा धागा जागेचा आहे. बाक सुटले तर नोंद अपुरी राहणार, म्हणून त्या बाकावर बसणारा प्रत्येक माणूस, मग तो सज्जन असो, दारुडा असो किंवा भुरटा चोर असो, त्याला लिहावाच लागला. मला वाटते त्याच्या लिखाणातील सगळा जिवंतपणा या एका निवडीतून आला आहे. यावर इतरांचे मत वाचायला आवडेल.

रानजाई

लेख उत्तम आहे, पण आपण भुरट्या चोराचा नुसता उल्लेख करून पुढे गेलात, त्यामुळे त्याची गोष्ट मीच सांगते. रीस वेनलॉक हा चांगल्या घरातला, पण परिस्थितीने उतरलेला माणूस. त्याच्या घरचे लोक मोठी चोरी कधी करत नसत. रात्री फिरून कोणाच्या बागेतली फळे, कुरणातले वाळलेले गवत, कोणी बाहेर विसरलेली एखादी वस्तू, एवढ्यावर त्यांचे भागे. शेजाऱ्यांना खरा ताप होता तो कुंपणाचा, कारण वेनलॉक जळणासाठी लोकांच्या कुंपणातली लाकडे उपटून नेत असे.

एकदा त्याने नवी भट्टी बांधली. नवी भट्टी वापरण्याआधी चांगली तापवून घ्यावी लागते आणि हे काम तो रात्री करणार, म्हणजे कुंपणावर संक्रांत येणार, हे शेजारच्या हिगिन्सनच्या रिचर्ड मर्सर नावाच्या गड्याने ओळखले. त्याने कुंपणातले एक जाडजूड वाळके लाकूड घरी नेले, गिरमिटाने त्याच्या टोकाला भोक पाडले, त्यात बंदुकीची दारू ठासली, वर खुंटी मारली आणि ते लाकूड होते तिथे परत नेऊन ठेवले. त्या रात्री वेनलॉकने नेमके तेच उचलले. भट्टीचा माथा उडाला, घराच्या एका टोकाला आग लागली आणि वेनलॉक ‘आग, आग’ म्हणून ओरडत बाहेर आला. हिगिन्सनने गड्याला हाक मारली, तेव्हा मर्सरने काय झाले आहे ते मला ठाऊक आहे, एवढेच शांतपणे सांगितले. दोघे तिथे पोहोचेपर्यंत आग विझली होती, पण भट्टीचे तुकडे झाले होते.

जन्म, लग्न आणि मृत्यूच्या रजिस्टरमध्ये वेनलॉक सापडला असता तर तीन तारखांपुरता. इथे त्याच्या शेजाऱ्याचा गडीसुद्धा गिरमिटासकट आपल्यापर्यंत पोहोचला.

शंकासुर

गोष्ट रंजक आहे हे मान्य, परंतु याला इतिहास म्हणावे का, याविषयी मी साशंक आहे. याच गॉफने नॉकिनच्या टॉमस एल्क्सची हकीकत दिली आहे. वारसा मिळावा म्हणून एल्क्सने आपल्या मोठ्या भावाच्या लहान मुलाला पाण्याच्या बादलीत बुडवून मारले आणि तो लंडनच्या दिशेने पळाला. शोधायला गेलेल्या लोकांना वाटेत गवताच्या गंजीवर दोन डोमकावळे कर्कश ओरडत गवत उपसताना दिसले, म्हणून ते तिकडे गेले, तर एल्क्स तिथेच झोपलेला सापडला. खून केल्यापासून हे दोन कावळे आपला पिच्छा सोडत नव्हते, असे त्याने कबूल केले म्हणे. एल्क्सला फाशी झाली, हा भाग खरा असू शकेल. पण पापाचा पाठलाग करणारे कावळे ही कीर्तनात शोभणारी गोष्ट आहे, इतिहासात नव्हे. जो लेखक हे सांगतो त्याच्या बाकीच्या गावगप्पांवर किती विसंबायचे?

जुने_कागद

शंकासुर, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गॉफच्या लिहिण्याच्या पद्धतीतच आहे. ‘मी पाहिले’, ‘मी ऐकले आहे’ आणि ‘असे सांगतात’ या तीन गोष्टी तो बऱ्याच काटेकोरपणे वेगळ्या ठेवतो. त्याच वेनलॉकची दुसरी एक गोष्ट पाहा. त्याची गाय चोरीला गेली, तेव्हा तो माँटगोमरीच्या एका जाणत्या बाईकडे विचारायला निघाला आणि तिची परीक्षा घ्यावी म्हणून त्याने खिशात एक दगड टाकला. बाईने त्याला पाहताच सांगितले की तुझ्या खिशात दगड आहे, पण ज्या दगडाने तू शेजाऱ्याच्या कुळवाचे दाते ठोकून काढलेस त्या दगडाएवढा तो मोठा नाही. ही गोष्ट सांगताना गॉफ ‘असे म्हणतात’ हे शब्द सोडत नाही. त्यामुळे बाई अंतर्ज्ञानी होती की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी वेनलॉकविषयी गावाचे मत काय होते आणि कुळवाचे दाते चोरीला जाण्याइतके मोलाचे होते, हे आपल्याला कळतेच.

दुसरे असे की गॉफची पडताळणी झालेली आहे. डेव्हिड हे या इतिहासकारांनी 1970 च्या दशकात मिडलचा अभ्यास करताना पॅरिशची रजिस्टरे, मृत्युपत्रे, जमीनदारीचे कागद आणि करांच्या याद्या गॉफच्या मजकुराशी ताडून पाहिल्या आणि त्याच्या माहितीवर पुष्कळ भरवसा ठेवता येतो, असे त्यांना आढळले. कावळ्यांची पडताळणी अर्थातच कोणी करू शकत नाही.

तळटीप

पडताळणीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक कारण सांगतो. मिडलमधील पुष्कळ शेते ‘तीन जिवांच्या’ पट्ट्याने दिलेली असत. पट्टा करताना तीन माणसांची नावे लिहायची, बहुधा कूळ, त्याची बायको आणि मुलगा, आणि त्या तिघांतला शेवटचा माणूस हयात असेपर्यंत पट्टा चालू राहायचा. एखादा जीव गेला, तर पैसे भरून नवीन नाव घालता येत असे. अशा व्यवस्थेत कोण किती वर्षांचा आहे, कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा परगावी जाऊन मेला की जिवंत आहे, ही माहिती थेट जमिनीच्या हक्काशी बांधलेली होती. आपण जिला गावगप्पा म्हणतो, ती माहिती त्या गावात पुरावा म्हणून चालत असे आणि गॉफसारखा कायद्याची जाण असलेला माणूस ती जपून ठेवणारच. विल्यम क्रॉस आणि त्याची बायको रोज दारूच्या गुत्त्यावर जाऊ लागली आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या गायीही तिकडेच गेल्या, हे त्याने एका ओळीत लिहिले आहे. वाचताना हसू येते, पण शेत एका घराण्याच्या हातून का निसटले याचे ते स्पष्टीकरण आहे.

शंकासुर

पट्ट्यांचा मुद्दा मला पटला. कावळ्यांविषयीचे माझे मत कायम आहे.

रानजाई

यादवी युद्धाविषयी अजून कोणी लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातील युद्ध 1642 मध्ये पेटले, तेव्हा गॉफ सात-आठ वर्षांचा होता. 16 ते 60 वयाच्या सर्व पुरुषांनी मिडलच्या टेकडीवर हजर राहावे, असा हुकूम निघाला आणि हा मुलगा गंमत पाहायला तिथे गेला. पाद्रीबुवांचा भाऊ हातात कागद घेऊन उभा होता आणि राजाच्या फौजेत येणाऱ्याला आठवड्याला 14 ग्रोट मिळतील, असे पुकारत होता. ग्रोट म्हणजे 4 पेनींचे नाणे, म्हणजे आठवड्याला 56 पेनी झाले. शेतमजुराच्या दृष्टीने हे आमिष चांगले घसघशीत होते.

पुढे काय झाले हे गॉफने माणसागणिक मोजून ठेवले आहे. मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वस्त्यांतून 20 जण राजाच्या बाजूने गेले आणि त्यांपैकी 13 मारले गेले. पॅरिशच्या पैशावर वाढलेला एक अनौरस मुलगा एजहिलच्या लढाईला गेला, तो पुन्हा कोणाच्या कानावर आला नाही. गॉफच्या वडिलांचा नोकर जॉन आर्थर्स हॉप्टनच्या किल्ल्यात मारला गेला. डोंगरातल्या ‘गॉब्लिन होल’ नावाच्या गुहेत घर करून राहणारा विल्यम प्रीस आपल्या तीन मुलांसह सैन्यात गेला. त्यातले दोन मुलगे हाय अर्कॉल येथे पडले, म्हातारा स्वतः अंथरुणात मेला आणि तिसऱ्या मुलाला घोडेचोरीबद्दल फाशी झाली. काही जणांच्या नावापुढे, हा कुठे मारला गेला ते मला सांगता येत नाही, एवढेच लिहिलेले आहे. या तीन लहान वस्त्यांतले इतके मारले गेले, तर साऱ्या इंग्लंडमधले किती हजार मारले गेले असतील याचा अंदाज करावा, असे तो शेवटी म्हणतो. मला हे वाक्य फार महत्त्वाचे वाटते, कारण स्थानिक इतिहास कशासाठी लिहायचा याचे उत्तर त्यात विनासायास आलेले आहे.

पार्लमेंटच्या बाजूने या पॅरिशमधून फार थोडे गेले. त्यांत जॉन मोल्ड नावाचा एक छोटेखानी, पण धाडसी तरुण होता. बंदुकीच्या गोळीने त्याच्या पायाचे मुख्य हाड मोडले आणि त्याखालचा घोडा मेला. पाय बरा झाला, पण जन्मभर वाकडा राहिला. एका सैनिकाला मिडलमध्येच, लोहाराच्या दुकानापाशी गोळी लागली. त्याच्यासाठी प्रार्थना करायला पाद्रीबुवा निघाले, तेव्हा गॉफ त्यांच्याबरोबर गेला आणि बिछान्यावर पडलेला तो सैनिक आणि जमिनीवर वाहणारे रक्त त्याने स्वतः पाहिले. शंकासुर, ही ‘मी पाहिले’ या सदरातली नोंद आहे.

सातासमुद्रापलीकडे

मी इथे प्रथमच लिहीत आहे. माझ्या सासरची मंडळी मूळची श्रॉपशायरमधील शेतमजुरांपैकी आहेत आणि मुलांसाठी त्यांची वंशावळ जुळवण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. दुर्दैवाने आमच्या पॅरिशला गॉफ लाभला नाही. रजिस्टरांवरून मागे जाताना अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एक जोडपे अचानक अवतरते. त्यांची लग्नाची नोंद तिथे नाही, जन्माचीही नाही, आणि मुलांचे बाप्तिस्मे मात्र ओळीने आहेत. ती माणसे कुठून आली हे शोधायचे असेल, तर काय पाहावे? शिवाय सतराव्या शतकाच्या मध्यावर नोंदी अगदी विरळ होतात. त्याचे कारण युद्धच समजायचे का?

तळटीप

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद प्रत्येक पॅरिशने ठेवावी, हा हुकूम आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने 1538 मध्ये काढला. 1598 पासून दरवर्षीची नक्कल बिशपकडे पाठवणे सक्तीचे झाले, त्यामुळे मूळ रजिस्टर फाटले किंवा हरवले असेल, तर नक्कल अवश्य पाहावी. युद्धकाळात नोंदी ढासळल्या हे खरे आहेच, शिवाय 1653 नंतर काही वर्षे नोंदी ठेवण्याचे काम पाद्रीकडून काढून गावाने निवडलेल्या माणसाकडे दिले गेले आणि 1660 मध्ये राजेशाही परत येईपर्यंत हा गोंधळ चालला. त्या पोकळीत एखादा पूर्वज दिसला नाही, म्हणून तो नव्हताच, असे समजू नये.

तारखांचा एक सापळाही लक्षात ठेवावा. 1752 पूर्वी इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे रजिस्टरमध्ये जून 1701 मध्ये लग्न आणि फेब्रुवारी 1701 मध्ये पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा दिसला, तर त्यात आडवळणाचे काही नाही, कारण तो फेब्रुवारी आजच्या हिशेबाने 1702 चा आहे.

जुने_कागद

मृत्युपत्रांची भर घालतो. 1858 पूर्वी मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयात सिद्ध होत आणि उत्तर श्रॉपशायर लिचफील्डच्या धर्मप्रांतात येत असल्यामुळे मिडलच्या लोकांची मृत्युपत्रे तिकडच्या दप्तरात आहेत. त्यांच्यासोबत पुष्कळदा मयताच्या मालमत्तेची यादी असते. ती शेजारचेच चार लोक घरात फिरून करत: इतक्या गायी, इतके पितळी भांडे, पिसांची गादी, चीज, कुळव, आणि प्रत्येकासमोर किंमत. मात्र अगदी गरिबांची मृत्युपत्रे सहसा सापडत नाहीत. शेतमजुरांचा शोध घेताना त्यामुळे दुसऱ्या दाराने जावे लागते.

तळटीप

ते दुसरे दार म्हणजे गरिबांचा कायदा, आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तिथेच आहे.

1601 च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी टाकली आणि त्यासाठी तिथल्या जमीनधारकांवर कर बसवला. हा कर कसा वाढत गेला याचा दाखला गॉफने स्वतःच्या घरातलाच दिला आहे. त्याच्या वडिलांनी न्यूटनला संसार थाटला, तेव्हा त्यांना गरिबांसाठी 4 पेनी द्यावे लागत, आणि गॉफ लिहीत होता त्या सुमारास तो स्वतः वर्षाला जवळपास 20 शिलिंग, म्हणजे 240 पेनी भरत होता. साठपट वाढ झाल्यावर प्रत्येक करदाता एकच प्रश्न विचारू लागला: हा गरीब खरोखर आमच्याच पॅरिशचा आहे का?

1662 च्या कायद्याने याला धार आली. वर्षाला 10 पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात नव्याने येऊन राहिलेल्या माणसाचा पुढेमागे भार पडेल असे वाटले, तर 40 दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ पॅरिशकडे परत पाठवता येई. 1691 च्या कायद्याने अविवाहित नोकराने एका पॅरिशमध्ये पुरे वर्ष चाकरी केली, किंवा कोणी तिथे धंदा शिकण्यासाठी उमेदवारी केली, तर त्याला तिथला रहिवासी म्हणून मदतीचा हक्क मिळू लागला. 1697 पासून माणूस आपल्या पॅरिशचा दाखला घेऊन दुसरीकडे जाऊ शकत होता, आणि त्याच वर्षी मदत घेणाऱ्या गरिबांच्या अंगावर पॅरिशच्या नावाचे अक्षर असलेला बिल्ला लावण्याची सक्ती झाली. गॉफने मिडल आणि इतर पॅरिशांमधील अशा खटल्यांची वेगळी जंत्रीच दिली आहे आणि कोणता खटला कसा जिंकला किंवा हरला हे तो चवीने सांगतो.

शेवटचा_बाक

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही म्हणून लिहितो. जुने_कागद यांनी पहिल्या लेखात म्हटले की बाकाच्या निवडीमुळे गॉफला सगळ्यांना लिहावे लागले. तळटीप यांचे लेखन वाचून मला वाटते की मागच्या बाकांची माहिती त्याच्याकडे मुळात आली ती करदात्याच्या काळजीतून. अमुक माणूस कुठे जन्मला, कोणाकडे वर्षभर चाकरीला होता, लग्न झाले होते की नव्हते, हे ज्या बारकाईने तो लिहितो ती खटला लढवणाऱ्याची बारकाई आहे. मिडल वुडच्या आणि हार्मर हीथच्या गायरानांवर झोपड्या बांधून राहिलेले लोक त्याला एकेक करून ठाऊक होते, कारण त्यांतला कोणीही उद्या कराच्या यादीत खर्चाच्या बाजूला जाऊ शकत होता. त्याच्या लिखाणात जिव्हाळा नाही असे मी म्हणत नाही. पण त्या जिव्हाळ्याखाली हिशेबाची वही उघडी आहे, हे विसरू नये.

जुने_कागद

आपला मुद्दा मला मान्य आहे आणि माझ्या मूळ मांडणीत तो हवा होता. फक्त एवढे म्हणेन की हिशेब करणारे पॅरिशोपॅरिशी होते. वहीच्या समासात भट्टी, गायी आणि वाकडा पाय लिहून ठेवणारा हा एक होता. हे लिखाण पहिल्यांदा छापले गेले ते थेट 1834 मध्ये. ज्यांच्यावरून तंटे झाले ते बाक आज शोधायला जाऊ नये, कारण चर्चचा मुख्य भाग नंतर नव्याने बांधला गेला. 1634 चा मनोरा तेवढा उभा आहे.

सातासमुद्रापलीकडे

सर्वांचे मनापासून आभार. म्हणजे आमचे जोडपे दाखला घेऊन आले असण्याची शक्यता आहे, असे समजावे का? आणि तो कागद कुठे असेल?

तळटीप

होय, आणि दाखला असेल तर फार उत्तम, कारण त्यात ते कोणत्या पॅरिशचे हे स्पष्ट लिहिलेले असते. हे कागद ज्या पॅरिशमध्ये ते येऊन राहिले त्या पॅरिशच्या पेटीत ठेवले जात आणि श्रॉपशायरच्या बाबतीत ते आता बहुतांशी श्रूजबरीच्या अभिलेखागारात आहेत. दाखला नसेल, तर दोन न्यायाधीशांसमोर झालेला जबाब आणि परत पाठवणीचा हुकूम हे कागद शोधावेत. जबाबात माणूस स्वतःच सांगतो: मी अमुक ठिकाणी जन्मलो, अमुक शेतकऱ्याकडे इतक्या पगारावर वर्षभर राहिलो, अमुक ठिकाणी लग्न केले, मला इतकी मुले आहेत. शेतमजुराचे आत्मचरित्र म्हणून त्या काळचा याहून चांगला कागद मला माहीत नाही. शोधताना गरिबांच्या निरीक्षकांच्या हिशेबवह्याही मागवून घ्याव्यात, कारण बुटांचा जोड, शवपेटी किंवा एखाद्या विधवेचे घरभाडे अशा खर्चांपुढे माणसांची नावे लिहिलेली असतात.